रॉबर्ट प्लांटची ऐंशीच्या दशकातली गाणी: झेपलिन बाजूला ठेवून ऐकली आहेत का?

तारषड्ज

रॉबर्ट प्लांट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. पहिलं सत्तरच्या दशकातलं: लेड झेपलिन या रॉक बँडचा गायक, मोकळे सोडलेले सोनेरी केस, छप्पर उडवणारा आवाज. दुसरं २००७ नंतरचं: अ‍ॅलिसन क्राउस या गायिकेबरोबरचा 'रेझिंग सँड' हा अल्बम, शांत, समजूतदार गाणं आणि २००९ साली त्याला मिळालेलं सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी. मधल्या काळाबद्दल कोणी बोलत नाही. विषय निघालाच तर "तेव्हा तो सिंथेसायझरच्या नादी लागला होता" एवढं म्हणून पुढे जातात.

मला हे अजिबात पटत नाही. माझं म्हणणं असं की १९८२ ते १९८८ या काळात हा माणूस नव्याने गायला शिकला. आधी तो गाणं जिंकायला निघाल्यासारखा गायचा. या काळात तो गाण्यात थांबायला, आवाज राखून ठेवायला शिकला. 'रेझिंग सँड'मधल्या ज्या संयमाचं आपण कौतुक करतो, तो तिथे एकाएकी आलेला नाही. त्याची सुरुवात या 'पॉप' म्हणून हिणवलेल्या गाण्यांत आहे.

थोडी पार्श्वभूमी. २५ सप्टेंबर १९८० रोजी ड्रमर जॉन बॉनम गेला आणि त्याच डिसेंबरमध्ये झेपलिनने थांबत असल्याचं जाहीर केलं. प्लांट तेव्हा ३२ वर्षांचा होता. जगातला सगळ्यात मोठा रॉक बँड मागे, पुढे काय याचा पत्ता नाही. त्याने काय केलं, तर १९८१ मध्ये हनीड्रिपर्स नावाने मित्रांना जमवलं आणि इंग्लंडमधल्या छोट्या छोट्या क्लबांत जुनं ऱ्हिदम अँड ब्लूज गायला सुरुवात केली. मग जून १९८२ मध्ये 'पिक्चर्स अ‍ॅट इलेव्हन' आला आणि १९८३ च्या जुलैमध्ये 'द प्रिन्सिपल ऑफ मोमेंट्स'. गिटारवर रॉबी ब्लंट, बासवर पॉल मार्टिनेझ, कीबोर्डवर जेझ वुडरॉफ. ड्रम्सवर बहुतेक ठिकाणी फिल कॉलिन्स, जो स्वतः बॉनमचा निस्सीम चाहता होता.

या दुसऱ्या अल्बममधलं 'बिग लॉग' घ्या. इंग्लंडमध्ये ११ व्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत २० व्या. म्हणजे त्या काळात लोकांनी ते भरपूर ऐकलं होतं. मागे पडलं ते नंतर. सुरुवातीला ड्रम मशीनचा बारीक ठेका, त्याच्यावर कीबोर्डचा पातळ पडदा, आणि ब्लंटची गिटार एक छोटीशी ओळ वाजवते, थोडी स्पॅनिश वळणाची. प्लांट घाई करत नाही. येतो तेव्हा जवळजवळ पुटपुटतच येतो. रस्ता, गाडी, दूर जाणं असं सगळं त्या गाण्यात आहे, पण तो ते सांगत बसत नाही. पाच मिनिटांच्या गाण्यात एकदाही तो ठेवणीतली किंकाळी काढत नाही. तुम्ही वाट बघत राहता आणि ती येत नाही, आणि त्या न येण्यातच गाण्याची सगळी ताकद आहे. झेपलिनचं 'होल लोटा लव्ह' गाणाऱ्या माणसाने हे करायला किती हिंमत लागली असेल याचा विचार करा.

'इन द मूड' तर याहून साधं आहे. एकच ओळ फिरून फिरून येते, खाली बास एका जागी ठाण मांडून बसलेला. अमेरिकेत ३९ व्या क्रमांकापर्यंतच गेलं. पण आजही लावलं तर जुनं वाटत नाही.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. 'ही गाणी ऐकलेलीच नाहीत' म्हणणाऱ्यांचं तर जास्त स्वागत.

काळाघोडा

लेख मनापासून लिहिलाय, आवडला. पण असहमती नोंदवतो.

आम्ही झेपलिनवर वाढलो. मुंबईतल्या ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानातल्या बूथमध्ये उभं राहून रेकॉर्ड ऐकायच्या, परवडली तर घ्यायची, नाहीतर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून टीडीकेच्या कॅसेटवर भरून घ्यायची, अशी ती पिढी. १९८३ मध्ये प्लांटचा नवा अल्बम हातात पडला तेव्हा आम्हाला ब्लूजची धग हवी होती आणि मिळाला तो गुळगुळीत, गारढोण आवाज. तक्रार प्लांटच्या गळ्याबद्दल नव्हती. त्याच्या भोवती जे उभं केलं होतं त्याबद्दल होती. बॉनमचा ड्रम खोलीत वाजायचा, त्या खोलीची हवा तुम्हाला ऐकू यायची. ऐंशीच्या दशकातला ड्रम भिंतीवर आपटून तिथेच मरतो. 'नाऊ अँड झेन' (१९८८) मला आजही सलग ऐकवत नाही.

संयम वगैरे ठीक. पण संयम दाखवायला आधी आग लागते, आणि ती आग पेज (गिटार), बॉनम (ड्रम), जोन्स (बास) या झेपलिनच्या तिघांमुळे होती.

सहावी तार

काळाघोडा काका, तुमच्या मताचा आदर आहे, पण एका माणसावर तुम्ही अन्याय करताय: रॉबी ब्लंट.

मी गिटार वाजवतो, शिकवतोही. माझ्याकडे येणारी मुलं जिमी पेजचे सोलो पाठ करून येतात. मी त्यांना 'बिग लॉग' वाजवायला देतो आणि त्यांची पंचाईत होते. बोटं अडकतात म्हणून नाही, थांबवत नाही म्हणून. ब्लंट स्ट्रॅटोकास्टर गिटारवर स्वच्छ, जवळजवळ न फाटलेला आवाज ठेवतो. एक स्वर वाजवला की तो पूर्ण विझू देतो, मग पुढचा. प्लांटची ओळ संपते तिथे तो उत्तर देतो आणि प्लांट पुन्हा सुरू होण्याआधी बाजूला होतो. पेज गाण्याच्या मध्यभागी उभा राहणारा वादक होता, त्यात त्याचं मोठेपण आहे. ब्लंट कडेला उभा राहतो, आणि म्हणून प्लांटला मध्यभागी हळू बोलता येतं.

पहिल्या अल्बममधलं 'लाइक आय हॅव नेव्हर बीन गॉन' ऐका. त्यावर ड्रम्स कोझी पॉवेलचे आहेत, म्हणजे गारढोणपणाची तक्रार तिथे चालणार नाही. गिटार आणि गळा एकमेकांना कसे सांभाळून घेतात ते बघा. मग बोलू.

मंद्र

मी या विषयातली नाही. माझं ऐकणं मुख्यतः ख्यालाचं. तारषड्ज यांच्यामुळे काल रात्री 'बिग लॉग', 'नाऊ अँड झेन'मधलं 'शिप ऑफ फूल्स' आणि झेपलिनची चार-पाच गाणी पाठोपाठ ऐकली. जे जाणवलं ते लिहिते.

झेपलिनमधला प्लांट स्वर वरून पकडतो. म्हणजे सरळ उंच जागेवर उडी घेतो आणि तिथून खाली येतो. आवाज तरुण आहे, लवचीक आहे, त्याला ते शोभतं. 'शिप ऑफ फूल्स'मध्ये मात्र तो खालून चढतो. सुरुवातीचा बराच भाग मंद्र-मध्यातच आहे, श्वासासकट ऐकू येणारा आवाज. शब्द संपल्यावर शेवटचा स्वर सोडून देत नाही, थोडा हलवून ठेवतो. आणि गाण्याच्या शेवटाकडे जेव्हा तो वर जातो तेव्हा ते वर जाणं पटतं, कारण तोपर्यंत त्याने ते कमावलेलं असतं. आपल्याकडे बढत म्हणतात ती हीच.

गायकाचा गळा तिशी-पस्तिशीत बदलतो. सगळ्यांचाच. काहीजण तरुणपणीच्या जागा ओढूनताणून घेत राहतात आणि गळ्याची वाट लावतात. याने बदललेला गळा ओळखून गाणं बदललं. मला यात पडती बाजू दिसत नाही, शहाणपण दिसतं.

तारषड्ज

मंद्रताई, मला जे सांगायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंत. आणखी एक. प्लांटवर अरबी गायकीचा, विशेषतः इजिप्तची गायिका उम्म कुलसुम हिचा मोठा प्रभाव आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोत तिचं गाणं कानावर पडलं आणि ते डोक्यातून गेलंच नाही, असं तो वारंवार सांगत आला आहे. स्वर हलवून ठेवण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत, ते मला तिथून आलेलं वाटतं. झेपलिनच्या गदारोळात ते दडून जायचं. ऐंशीच्या दशकातल्या विरळ मांडणीत त्याला जागा मिळाली.

काका, "आग त्या तिघांमुळे होती" हे पूर्ण मान्य. पण मग हेही बघा की प्लांटने त्या आगीवर शेकत बसायचं नाकारलं. १९८३ आणि १९८५ च्या दौऱ्यांत त्याने झेपलिनचं एकही गाणं म्हटलं नाही. तिकिटं काढून आलेले लोक ओरडायचे, तरी नाही. जुनं नाणं कधीही चाललं असतं. ते खिशात ठेवून नवीन गाण्यांवर उभं राहणं सोपं नव्हतं.

काळाघोडा

हे मात्र मानलं. त्याच्या बरोबरीचे किती तरी जण आजही १९७२ मधलीच गाणी गातायत.

अवांतर, पण या धाग्यावर यायलाच हवं: प्लांट आणि पेज १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी त्यांनी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. ते रेकॉर्डिंग कित्येक वर्षं चोरट्या कॅसेटवरच फिरत होतं. अधिकृतपणे आलं ते थेट २०१५ मध्ये, झेपलिनच्या 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या छोट्या क्लबमध्ये दोघं वाजवायला उभे राहिले. आमच्याहून मोठ्या लोकांकडून त्या रात्रीचे किस्से ऐकत आम्ही मोठे झालो.

सहावी तार

काका, अवांतर कसलं, हा तर तारषड्ज यांच्याच बाजूचा पुरावा झाला. मुंबईतलं 'फ्रेंड्स' ऐका. बॉनम नाही, बासवर जोन्स नाही. तबला, सारंगी, व्हायोलिनं आणि पेजची अकूस्टिक गिटार. झेपलिनच्या भिंतीबाहेर प्लांटचा गळा कसा लागतो याचा तो पहिला नमुना म्हणता येईल. तिथेही तो वाद्यांशी झगडत नाही, त्यांच्यात मिसळून जातो.

रात्रपाळी

प्लांटच्या 'शेकन अँड स्टर्ड'बद्दल कोणीच का बोलत नाहीये? १९८५. माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत धाडसी अल्बम तोच, आणि सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेलाही.

ड्रम्सवर लिटल फीट या अमेरिकन बँडचा रिची हेवर्ड, म्हणजे अमेरिकन दक्षिणेच्या चालीचा, लडखडत तोल सांभाळणारा वादक. आणि त्याच्या भोवती इंग्लिश न्यू वेव्हचे टोकदार सिंथेसायझर. हे एकत्र जमायलाच नको, आणि बऱ्याच ठिकाणी जमतही नाही, पण जिथे जमतं तिथे दुसऱ्या कोणासारखं वाजत नाही. 'लिटल बाय लिटल' त्यातलं सगळ्यात ओळखीचं. अमेरिकेत मुख्य यादीत ३६ व्या क्रमांकावर गेलं, रॉक रेडिओच्या यादीत मात्र पहिलं आलं. टोनी हॅलिडे या गायिकेचा आवाज मागून येतो तो लक्ष देऊन ऐका. 'टू लाउड'मध्ये प्लांट गातच नाही म्हटलं तरी चालेल, बोलतो, तुटक तुटक. १९८५ मध्ये झेपलिनच्या चाहत्याला हे ऐकवणं म्हणजे घरी येऊन भांडण काढणंच होतं.

आणि गंमत बघा, त्याच वर्षी १३ जुलैला फिलाडेल्फियाला लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात तो पेज आणि जोन्सबरोबर झेपलिनची गाणी गायला उभा राहिला. तयारी अपुरी, गळा बसलेला, ड्रम्सवर टोनी थॉम्पसन आणि फिल कॉलिन्स असे दोघं. तो कार्यक्रम फसला हे स्वतः झेपलिनवाल्यांनी नंतर मान्य केलं. लोकांना ते फसलेलं वीस मिनिटांचं गाणं आठवतं, पण दोन महिने आधी आलेला अल्बम आठवत नाही.

तारषड्ज

रात्रपाळी, 'लिटल बाय लिटल' मलाही प्रिय आहे, पण अख्ख्या अल्बमबद्दल माझं मन तितकं खुलं होत नाही. 'हिप टू हू'सारख्या गाण्यांत कल्पना पुष्कळ आहेत, गाणं कमी आहे. प्लांटच्या आवाजाला तिथे बसायला जागाच दिलेली नाही. या अल्बमनंतर तो बँड फुटला याचं मला आश्चर्य वाटत नाही. तरी तुम्ही म्हणता ते धाडस मान्य. मोठ्या नावाच्या माणसाने इतकं मोकळेपणाने चाचपडलेलं मी फार कमी पाहिलंय.

रॉक रेडिओच्या यादीचा मुद्दा चांगला काढलात. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या त्या यादीत या दशकात प्लांटची चार गाणी पहिली आली: १९८३ मध्ये 'अदर आर्म्स', १९८५ मध्ये 'लिटल बाय लिटल', १९८८ मध्ये 'हेवन नोज' आणि 'टॉल कूल वन'. म्हणजे रॉक ऐकणाऱ्यांनी त्याला टाकलं होतं, हा समज नंतर तयार झाला.

ओली वाट

मी १९८८ ची. म्हणजे 'नाऊ अँड झेन'च्या वयाची. झेपलिन माझ्यासाठी वडिलांचं संगीत. प्लांट मला भेटला तो 'रेझिंग सँड'मध्ये, तिथून मी मागे मागे गेले. त्यामुळे मला ही गाणी 'घसरण' म्हणून कधी दिसलीच नाहीत. ज्यांनी ती काळाच्या क्रमाने ऐकली त्यांना धक्का बसला असेल. उलट्या क्रमाने ऐकताना सगळं सरळ लागतं.

'टॉल कूल वन'बद्दल विचारायचं होतं. त्यात झेपलिनचे तुकडे मध्येच का येतात? कोणी म्हणतं विकण्यासाठी, कोणी म्हणतं चेष्टा केली.

रात्रपाळी

ओली वाट, त्याची पार्श्वभूमी मजेशीर आहे. १९८६ मध्ये बीस्टी बॉइज या रॅप बँडचा 'लायसेन्स्ड टू इल' आला, त्यात झेपलिनचे ड्रम आणि गिटारचे तुकडे उचलून वापरले होते. प्लांटने ते ऐकलं आणि ठरवलं की दुसरे आमचे तुकडे वापरतायत, तर मीच का नको? म्हणून 'टॉल कूल वन'मध्ये 'ब्लॅक डॉग', 'होल लोटा लव्ह', 'द ओशन', 'कस्टर्ड पाय' यांचे तुकडे येतात. आणि गिटारवर प्रत्यक्ष जिमी पेज! म्हणजे पेज जिवंत वाजवतोय आणि त्याच गाण्यात पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा पेज मशीनमधून वाजतोय. गाण्याची मूळ चाल तर पन्नासच्या दशकातल्या रॉकबिलीची आहे.

यात चेष्टा आहे असं मला वाटत नाही. लाइव्ह एड सोडलं तर सात वर्षं ज्याला हात लावला नाही, त्याला तो परत हात लावतोय, पण आपल्या अटीवर. त्यानंतरच, १९८८ च्या दौऱ्यात, त्याने झेपलिनची गाणी स्वतःच्या मंचावर आणली.

काळाघोडा

आणि पुढे तेच गाणं कोका-कोलाच्या जाहिरातीत गेलं. ते मला तेव्हा लागलं होतं, आजही लागतं.

तारषड्ज

काका, जाहिरातीचं मलाही आवडलं नव्हतं. पण त्या अल्बमचं श्रेय फिल जॉन्स्टन या तरुण कीबोर्डवाल्याला द्यायला हवं. 'हेवन नोज' हे गाणं प्लांटचं नाहीच. जॉन्स्टन आणि डेव्हिड बॅरेट यांनी लिहिलेलं ते गाणं प्लांटकडे आलं, त्याला आवडलं, आणि त्याने त्या पोरांनाच बरोबर घेतलं. चाळिशीला टेकलेल्या गायकाने आपल्याहून लहान लोकांवर सगळा अल्बम सोपवला. मागून गाणाऱ्यांत कर्स्टी मॅकॉल आहे, ती 'हेवन नोज'मध्ये ऐकू येते. अमेरिकेत हा अल्बम ३० लाखांहून जास्त विकला गेला. तरी आज त्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही.

मंद्र

'सी ऑफ लव्ह' राहिलं की. ते मला घरातल्यांनी ऐकवलं, ते याच प्लांटचं आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं.

सहावी तार

ताई, ते १९८४ चं, हनीड्रिपर्सच्या नावाने. मूळ गाणं फिल फिलिप्सचं, १९५९ चं. प्लांटच्या आवृत्तीत जिमी पेज, जेफ बेक, नाइल रॉजर्स अशी मंडळी, आणि निर्माता अटलांटिक रेकॉर्ड्सचा अहमेत एर्तेगुन. अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. प्लांटच्या एकट्याच्या कारकिर्दीत याहून वर गेलेलं गाणं नाही, आणि त्यावर त्याचं नावच नाही! म्हणून घरोघरी ते माहीत, गायक माहीत नाही.

माझ्या मते हे गाणं या धाग्यातल्या बाकी गाण्यांसारखं नाही. तिथे तो पन्नासच्या दशकातला आवाज छान उभा करतो, पण तो उसना आवाज आहे. 'बिग लॉग'मधला त्याचा स्वतःचा.

मंद्र

हे पटत नाही. दुसऱ्याच्या चालीत आपला आवाज शोधणं हेही गायकाचंच काम. 'सी ऑफ लव्ह'मध्ये तो ओळीच्या शेवटी आवाज किती अलगद काढून घेतो ते ऐका. 'रेझिंग सँड' तरी दुसरं काय आहे? बहुतेक सगळी गाणी दुसऱ्यांचीच.

ओली वाट

मंद्रताईंना +१. क्राउसबरोबर तो जे करतो त्याच्या सगळ्यात जवळचं या दशकातलं गाणं मला 'सी ऑफ लव्ह'च वाटतं.

काळाघोडा

सहावी तार, तुम्ही सांगितलं म्हणून 'लाइक आय हॅव नेव्हर बीन गॉन' लावलं. हेडफोनवर, दोनदा. पॉवेलचा ड्रम मोठा आहे, खोलीत वाजतोय, आणि ब्लंट खरोखर तुम्ही म्हणता तसा कडेला उभा आहे. हे गाणं मी १९८२ मध्ये ऐकलं असणार, पण तेव्हा मी पेजला शोधत होतो. 'द प्रिन्सिपल ऑफ मोमेंट्स' आता या रविवारी सबंध ऐकणार आहे. 'नाऊ अँड झेन'च्या ड्रम्सबद्दलचं माझं मत कायम.

सहावी तार

काका, त्यात 'थ्रू विथ द टू स्टेप' चुकवू नका. पाचवं, दुसऱ्या बाजूचं पहिलं. त्याबद्दल इथे अजून कोणी लिहिलेलं नाही आणि ब्लंटचं माझं सगळ्यात आवडतं काम त्यात आहे. ऐकून लिहा, मी त्याचे कॉर्ड्स टाकतो.